उडता पक्षी काळा आणि धूसर का येतो: वढवाण्याच्या तीन फोटोंवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, मी बडोद्यात कारेलीबागेत राहते. जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेतली आहे. बसलेले पक्षी छान येतात, पण उडणारे एकतर काळे येतात नाहीतर धूसर. सगळे म्हणाले शटर १/२००० सेकंद ठेव. ठेवलं, तरी तेच. आता मिररलेस (बिनआरशाचा नवा कॅमेरा) घ्यावा का? आणि दर वेळी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जाणं जमत नाही, तर जवळपास सराव कुठे करू?" सोबत वढवाण्याचे तीन फोटो पाठवले आहेत: संध्याकाळी उडालेला पट्टकदंबांचा (हिवाळ्यात येणाऱ्या हंसांचा) थवा, बाभळीसमोरून जाणारा मोठा बगळा, आणि पाण्यावरून जाणारी नदी सुरय.

काका म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहितो.

कॅमेरा आत्ता बदलू नकोस. शटर बरोबर आहे. जास्त गडबड आहे ती तू कुठे उभी होतीस आणि किती वाजता उभी होतीस याची. सेटिंगचा दोष एकाच ठिकाणी आहे आणि तो पाच मिनिटांत सुधारतो. जागेचं मात्र नीट समजून घ्यावं लागेल, म्हणून आधी तेच.

पट्टकदंबांचा फोटो पाहा. वेळ संध्याकाळची, सव्वापाचच्या आसपासची. ऊन तुझ्या पाठीशी आहे, म्हणजे पुस्तकात सांगतात तशी तू बरोबर उभी आहेस. तरीही सगळ्या हंसांच्या शेपट्या तुझ्याकडे आहेत. याचं कारण वारा. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. हवेत उचललं जायला पंखांवरून हवा जोरात वाहावी लागते. समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग पक्ष्याला फुकट मिळतो आणि धाव कमी लागते. जड पक्ष्यांना तर हे टाळताच येत नाही. अगदी पडलेल्या हवेत ते कुठेही उडतील, पण जरा वारा असला की दिशा ठरलेली.

आता हे आपल्या गावाला लावून पाहू. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. सूर्य आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेच्या अंगाने सरकतो आणि नैऋत्येला मावळतो. सकाळी ऊन पाठीवर घेतलंस की तुझं तोंड वायव्येला होतं आणि वारा येतो उजव्या हाताकडून. म्हणजे पक्षी तुझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे जाणार, पूर्ण बाजू दाखवत, अंगावर ऊन घेऊन. याहून सोयीची मांडणी नाही. संध्याकाळी मात्र ऊन पाठीवर घेतलंस की तोंड ईशान्येला आणि वारा थेट तुझ्या नाकावर. उडणारे तुझ्यापासून लांब जाणार. उतरणारे तुझ्या डोक्यावरून येऊन पुढे जाणार. दोन्ही वेळा शेपट्याच. तुझ्या फोटोत नेमकं हेच झालंय.

म्हणून हिवाळ्यात वढवाण्याला जायचं तर सकाळी. शनिवारी संध्याकाळी निवांत निघण्याचा बेत या कामाला उपयोगाचा नाही. संध्याकाळीच जावं लागलं तर मग उलट बाजूला जा, पक्ष्यांच्या ईशान्येला, मावळतीकडे तोंड करून. पक्षी तुझ्या अंगावर येतील, काळेच येतील, पण तांबड्या आभाळावर आणि पंखांच्या कडांना सोन्याची रेघ घेऊन. ठरवून काढलेला काळा पक्षी आणि चुकून आलेला काळा पक्षी यांत फरक आहे.

एप्रिल-मेमध्ये सगळं फिरतं. वारा नैऋत्य-पश्चिमेचा होतो, संध्याकाळचा सूर्यही पश्चिमेला. म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही तुझ्या पाठीशी, आणि पक्षी तोंड तुझ्याकडे करून येतात. तोपर्यंत हंस आणि परदेशी बदकं निघून गेलेली असतात हे खरं. पण नदी सुरय, बगळे, रंगीत करकोचे, हळदी-कुंकू बदकं असतात, आणि गर्दी नसते. आपल्याकडचे बहुतेक लोक मार्चनंतर लेन्स कपाटात ठेवतात. मला विचारशील तर समोरून येणाऱ्या सुरयीचे फोटो मेच्या संध्याकाळी जसे मिळतात तसे जानेवारीत मिळत नाहीत.

वारा कुठून आहे हे कळायला ॲप लागत नाही. पाण्यावर निवांत बसलेल्या बदकांकडे बघ. साधारण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, तिकडून वारा येतोय. मागून वारा आला की पिसं उलटी होतात, ते त्यांना नको असतं. गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी हे पाहा, मगच पाळीवर कुठे बसायचं ते ठरव. वढवाणा मोठा आहे. बडोदे संस्थानाच्या काळात, १९१० च्या सुमारास, ओरसंग नदीचं पाणी वळवून शेतीसाठी बांधलेला तलाव तो, काही गावतळं नाही. २०२१ मध्ये त्याचा रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) समावेश झाला, तेव्हापासून रविवारी माणसंही बरीच येतात. जिथे सगळे ट्रायपॉड लावून उभे असतात ती जागा बहुतेक वेळा गाडी लावायला सोयीची असते म्हणून निवडलेली असते, उजेडासाठी नव्हे.

आता पुढची गोष्ट: पक्षी कधी उडणार. तुझ्या थव्याच्या फोटोत पक्षी आधीच बरेच वर गेलेत. म्हणजे ते उडाल्यावर तू कॅमेरा उचललास. सगळ्यांचं हेच होतं. उडायच्या आधीचे इशारे ओळखता आले की निम्मं काम झालं.

हंसांचं सगळ्यांत स्पष्ट असतं. चरताना किंवा झोपेत माना खाली, अंगात खुपसलेल्या. मग एकाची मान सरळ वर जाते, मग आजूबाजूच्यांच्या. आवाज वाढतो. काही जण मान झटकायला लागतात. हळूहळू सगळी तोंडं वाऱ्याकडे वळतात. तोंडं वळली की डोळा व्ह्यूफाइंडरला लाव, आता काही सेकंदांचाच प्रश्न आहे. बगळे, करकोचे, घारी, शिकारी पक्षी यांचं वेगळं. अंग पुढे झुकतं, पाय किंचित दुमडतात, आणि पुष्कळदा उडायच्या तोंडावर शिटतात. हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण काठीवर बसलेल्या घारीसमोर तासभर ताटकळलेल्या माणसाला विचार याची किंमत.

बदकांमध्ये दोन गट पाड. हळदी-कुंकू, तलवार बदक, थापट्या ही वरवर चरणारी बदकं पाण्यातून जवळजवळ उभी उसळतात. त्यांच्यासाठी चौकटीत वर जागा सोडावी लागते, नाहीतर डोकं कापलं जातं. बुडी मारणारी बदकं, म्हणजे लालसरी वगैरे, आणि वारकरी नावाचा पाणपक्षी, यांना तसं उसळता येत नाही. ती वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतात, मग उचलली जातात. वारकऱ्याची ही धाव म्हणजे नव्या माणसाला देवाची देणगी. पक्षी आडवा जातो, एका उंचीवर जातो, वेग फार नसतो आणि मागे पाण्याच्या शिंतोड्यांची रांग. पण वारकरी काळा-करडा आणि सगळीकडे असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तू पाहा.

आणखी एक खूण आहे, ती म्हणजे दलदल भोवत्या. हिवाळ्यात हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून अगदी कमी उंचीवर फेऱ्या मारत असतो. तो ज्या बाजूने येतो त्या बाजूचे वारकरी आणि बदकं एकापाठोपाठ उठत जातात. म्हणून नजर भोवत्यावर ठेव आणि लेन्स त्याच्या वाटेवरच्या पक्ष्यांवर. तुला काहीच करावं लागत नाही, तो त्याचं काम करत असतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण टाळ्या वाजवून, दगड मारून, पाळीवरून धावत जाऊन थवा उठवणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचे फोटो भरपूर लाइक मिळवतात. तू तसं करू नकोस. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. अंगावर ट्रान्समीटर बसवलेल्या पट्टकदंबांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. रात्री-पहाटे शेतात चरायचं आणि दिवसा पाण्यावर विसावायचं असा त्यांचा दिनक्रम. तो दिवसाचा विसावा मोडला की परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी फुकट जळते. आणि शुद्ध फोटोच्या हिशेबानेही घाबरून उठलेला थवा वाईटच दिसतो. सगळ्या शेपट्या माणसाकडे, माना वाकड्या. आपणहून सकाळी शेतातून पाण्यावर परतणारा थवा कितीतरी देखणा असतो. तो आधी वाऱ्याच्या बाजूने येतो, मग गोल फिरून वाऱ्याकडे तोंड करतो, पंख फाकवतो, पाय पुढे काढतो आणि उतरतो. उंचावरून येताना काही हंस मध्येच अंग तिरकं, कधी जवळजवळ उलटं करून पंखांतली हवा सांडतात आणि धपकन खाली येतात. उतरणारा पक्षी उडणाऱ्यापेक्षा हळू असतो आणि कुठे येणार ते आधी कळतं, म्हणून माझा तरी भर उतरणाऱ्यांवरच असतो.

आता तो सेटिंगचा दोष. पट्टकदंब काळे आले ते ऊन चुकलं म्हणून नाही, ऊन तर पाठीशी होतं. ते आले कारण चौकटीचा बहुतेक भाग पांढुरकं आभाळ होतं. कॅमेऱ्याला वाटलं फार उजेड आहे, त्याने सगळंच दाबलं. बगळ्याच्या फोटोत नेमकं उलट: मागे काळीशार बाभूळ, कॅमेऱ्याने उजेड वाढवला आणि बगळा पांढरा डाग झाला. पिसांतली एक रेघ उरली नाही. या दोन्हीचं औषध एकच. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवरून काढ आणि शटर, लेन्सचं तोंड म्हणजे एफचा आकडा, आणि आयएसओ या तिन्ही गोष्टी स्वतः ठरवून बांधून टाक.

कारण असं की पक्ष्यावर पडणारं ऊन बदलत नाही, बदलतं ते मागचं दृश्य. पक्षी आभाळासमोर असो, पाण्यासमोर असो की झाडासमोर, त्याच्या अंगावरचा उजेड तोच. म्हणून पोचल्यावर आधी एखादा बसलेला पट्टकदंब घे, त्याच उन्हात. फोटो काढ, मोठा करून पाहा, पांढऱ्या डोक्यावर जळका भाग लुकलुकतोय का ते पाहा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा. डोकं शाबूत राहून पाठीचा करडा नीट दिसेपर्यंत आकडे बदल. मग ते आकडे तसेच ठेव आणि उडणाऱ्यांकडे वळ. बसलेला पक्षी हाच तुझा मीटर. ऊन चढलं किंवा ढग आला की पुन्हा पाहायचं.

सुरुवातीला आकडे हवे असतील तर जुना नियम कामाचा आहे: स्वच्छ उन्हात एफ १६ ला शटर आयएसओएवढं. आयएसओ ४०० ला एफ १६ वर १/४००, म्हणजे एफ ८ वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उघडून १/१६००. नऊ-साडेनऊच्या स्वच्छ उन्हात इथून सुरुवात कर. सकाळी लवकर किंवा धुरकट हवेत आयएसओ ८०० किंवा १६०० लागेल, लागू दे. बगळ्यांचाच दिवस असेल तर एक स्टॉप कमी. पाणकावळे हवे असतील तर पाऊण-एक स्टॉप जास्त, आणि मागचं आभाळ जळलं तर जळू दे. जास्त आयएसओने दाणे आलेला फोटो दुरुस्त होतो, हललेला होत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतेस ना? नसशील तर आजपासून काढ.

शटर १/२००० बद्दल इतकंच की तो काही मंत्र नाही. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारा पक्षी सेकंदाला चौदा मीटर जातो, म्हणजे १/२००० सेकंदात सात मिलिमीटर. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरत असेल तर अंग जागच्या जागी राहतं, हलतात ती फक्त पंखांची टोकं. करकोचे, पेलिकन, बगळे यांना १/१२५० पुरतं. हंस-बदकांना १/१६०० ते १/२५००. भिंगऱ्या आणि वेडे राघू यांना १/४००० सुद्धा कमी वाटेल. लेन्सचं तोंड एफ ६.३ वर सताड उघडं न ठेवता एफ ७.१ किंवा ८ कर. या प्रकारच्या बहुतेक झूम लेन्स ६०० मिलिमीटरला त्याने स्पष्ट सुधारतात.

आता तिसरा फोटो, धूसर सुरय. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच फोटोवरून तू कॅमेऱ्याला दोष देतेस. शटर १/२०००, फोकसही चुकलेला नाही, पण सगळीकडे सारखाच लोण्यासारखा मऊपणा. वेळ पाहा: सकाळचे ११:२०. पक्षी सत्तर-ऐंशी मीटरवर, पाण्यालगत. ही तापलेल्या हवेची थरथर आहे. गार आणि गरम हवेचे थर एकमेकांत मिसळतात, त्यातून येणारा उजेड वाकडातिकडा होतो आणि लांब लेन्स ते सगळं मोठं करून दाखवते. दोन लाखांची लेन्स लावलीस तरी हेच येईल. खात्री करायची तर पाण्यातल्या एखाद्या ठुंठावर कॅमेरा ट्रायपॉडवरून रोख, १/२००० ला चार-पाच फोटो काढ आणि मोठे करून पाहा. ठुंठाच्या कडा प्रत्येक फोटोत वेगळ्या वाकल्या असतील तर लांबचे, पाण्यालगतचे फोटो त्या दिवसापुरते संपले.

कडाक्याच्या थंडीत हे पहाटेही होतं, कारण तेव्हा पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. धुकं विरल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ वढवाण्यावर सगळ्यांत भरवशाचा. गाडीतून काढणार असशील तर इंजिन बंद, हीटर बंद, दोन्ही बाजूच्या काचा पूर्ण खाली आणि थोडा वेळ जाऊ दे. गाडीतली ऊबदार हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोरच थरथरते.

दहानंतर लगेच सेव-उसळ खायला पळायची मात्र गरज नाही. त्याच तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर रंगीत करकोचे आणि पेलिकन गोल गोल घिरट्या घेत वर जातात. ते जवळ असतील आणि तू वर बघून काढत असशील तर थरथर फारशी आड येत नाही. घिरटी घेताना पक्षी तुझ्या बाजूला कलतो तेव्हा पंखांची वरची बाजू आणि उन्हाचा पूर्ण उजेड मिळतो. तेवढ्याच क्षणी शटर दाब, बाकी फेरी नुसतं अनुसरत राहा. डिसेंबरअखेरीस बडोद्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यातली दुपार एप्रिलसारखी वाया जात नाही.

फोकसबद्दल थोडक्यात. सतत फोकस करणारा मोड लाव, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दे, अंगठा दाबलेला असेल तोवर फोकस चालू. मोकळ्या आभाळासमोर बिंदूंचा मोठा गट, झाडी किंवा पाणकणसांसमोर मधला एक बिंदू किंवा लहान गट, नाहीतर कॅमेरा मागच्या पानांना धरतो. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर जवळचं अंतर बंद कर. आणि पक्षी दिसायच्या आधीच तो साधारण जिथे येणार त्या अंतरावरच्या कशावर तरी फोकस करून ठेव. लेन्स तीन मीटरवर अडकलेली असेल तर समोरचा हंससुद्धा व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. लेन्सची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरला पॅनिंगचा (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवण्याचा) वेगळा मोड असेल तर तो, नसेल तर एवढ्या वेगाच्या शटरला बंद ठेवलास तरी चालेल.

पक्षी चौकटीत सापडत नाही ही तक्रार तू केली नाहीस, पण फोटो पाहून वाटतं की होत असणार. तिन्ही फोटो ६०० ला आहेत. हिशेब कर: तुझ्या छोट्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरला पन्नास मीटरवरची चौकट जेमतेम दोन मीटर रुंद असते. पट्टकदंबाचे पंख उघडल्यावर दीड मीटर. उरलं काय? पक्षी जरा वर-खाली झाला की पंख कापला. ४०० वर ये, चौकट तीन मीटरच्या आसपास होते. तीनशेला पक्षी शोध, धर, स्थिर झाला की पतंगाला ढील द्यावी तशी हळूहळू झूम वाढव. नंतर कापून मोठा करता येतो. कापला गेलेला पंख जोडता येत नाही.

उभं राहण्याची पद्धतही महत्त्वाची. पक्षी जिथे शेवटी जाणार, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी तुझ्या उजवीकडे, तिकडे पाय रोव, मग कमरेतून डावीकडे वळून पक्षी धर. तो येईल तशी पीळ सुटत जाते आणि हालचाल सरळ राहते. बहुतेक लोक पक्ष्याकडे पाय करून उभे राहतात आणि तो समोर आल्यावर कंबर अडते, नेमक्या हव्या त्या क्षणी. डावा हात लेन्सखाली जितका पुढे नेता येईल तितका, कोपर बरगडीला टेकलेलं. दोन्ही डोळे उघडे. शटर सोडल्यावरही क्षणभर पक्ष्याबरोबर फिरत राहा. आणि बटण दाबून धरू नकोस. तीन-चार फ्रेमच्या छोट्या झडपा. पक्षी फार लांब असताना बफर (फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) भरून बसला की तो जवळ येतो तेव्हा कॅमेरा हिरवा दिवा लुकलुकवत बसतो.

सरावाला वढवाणा लागतच नाही. गायबगळे आणि घारी शहराच्या कडेला कुठेही मिळतात. कचरा टाकतात तिथे घारी दिवसभर असतात, वास सहन होत असेल तर त्यांच्यासारखा शिक्षक नाही. कापशी घार बाहेरच्या शेतांवर एका जागी पंख मारत थांबते, तीही वाऱ्याकडे तोंड करून. वाघोडियाकडे टिंबीचा तलाव आहे. कवड्या खंड्या जिथे मिळेल तिथे त्याच्यासमोर बस. हा पाण्यावर हवेत थांबतो, खाली बघतो, मग सूर मारतो. थांबलेला असताना फोकस बसवायला भरपूर वेळ देतो आणि सूर मारताना तुझी खरी परीक्षा घेतो. त्याच्या तोंडाची दिशा पाहिली की वाराही कळतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. विश्वामित्रीच्या काठावर पाण्यालगत झोपून फोटो काढायचा मोह होईल, कोन सुंदर मिळतो. करू नकोस. मगरी शहराच्या मधोमध आहेत, हे तुला सांगायला नको. आणि आसपासच्या गावतळ्यांतही असू शकतात, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याशी बसायचं नाही. दुसरं, उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आठवड्यात शहरात उडते पक्षी टिपायच्या मागे लागू नकोस. तेव्हा पक्षी आधीच मांज्याच्या धास्तीने सैरभैर असतात. जखमी पक्षी दिसला तर १९६२ या मदत-क्रमांकावर फोन कर.

राहिला मिररलेसचा प्रश्न. नव्या कॅमेऱ्यांचा पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस खरोखर चांगला आहे, त्याला नावं ठेवणारे जुने लोक उगाच ठेवतात. झाडीसमोरून जाणाऱ्या पक्ष्याला तुझा डीएसएलआर दहादा सोडेल तिथे तो दोनदा सोडेल. बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षण साठवून ठेवण्याची सोय काहींत असते, खंड्याच्या सुराला ती डीएसएलआर देऊच शकत नाही. पण स्वस्तातल्या मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की जोरात हलणारे पंख रबरासारखे वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली वाचायला वेळ घेतो. तिथे यांत्रिक शटरच वापरावं लागतं. आणि तुझ्या तीन फोटोंपैकी एकही मिररलेसने वाचला नसता. शेपट्या शेपट्याच राहिल्या असत्या आणि अकरा वाजताची हवा तशीच थरथरली असती.

या हिवाळ्यात पैसे वेगवान कार्डावर आणि डभोईच्या वाटेवरच्या पेट्रोलवर घाल. सूर्य उगवायच्या आधी पोचशील असं निघ, वारा पाहा, वायव्येकडे तोंड करून बस. फेब्रुवारीअखेरपर्यंत अशा काही सकाळी झाल्या की तेव्हाचे तीन फोटो पाठव, कॅमेऱ्यानेच अडतंय असं त्यातून दिसलं तर कुठला घ्यायचा ते मी सांगतो.